दोन ठोके

टीव्हीवरचा भीतीचा तो खेळ विकत आणला धाकट्याच्या बायकोने, आणि पहिल्याच डावात किंचाळून पडद्यावरच्या नवऱ्याचा जीव घेतला तोही तिनेच. खेळ दोघांचा होता. एकट्याने खेळायची सोयच नाही. दुसरं माणूस आलं नाही तर पडदा नुसता वाट बघत बसतो. एकाने पडक्या खाणीच्या तोंडाशी रहाटापाशी उभं राहायचं, दुसऱ्याने पाळण्यात बसून खाली उतरायचं आणि अंधारातून कंदील गोळा करून आणायचे. खाली एक जनावर असतं. त्याला डोळे नाहीत, पण कान असे तिखट, की टीव्हीजवळच्या मायक्रोफोनमधून खोलीतलं बोलणंही त्याला ऐकू जातं. तुम्ही ‘अगं बाई’ म्हणालात की ते आलंच म्हणून समजा. ती दर मिनिटाला ‘अगं बाई’ म्हणत होती.

म्हणून रविवारी सकाळी तिने थोरल्या दिराला फोन केला. भाऊजी, तुम्हीच या, म्हणाली; तुमच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड लागते, हा खेळ तुमच्यासाठीच केलाय. हसून झालं आणि मग तिचा आवाज उतरला. हातांना चाळा हवा असं डॉक्टर म्हणाले म्हणून तिने खेळ आणला होता, पण तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. वर्कशॉपने देऊ केलेल्या कामाबद्दल उद्या उत्तर द्यायचं होतं आणि नवरा नाही म्हणणार होता. तुमचं तो ऐकेल, ती म्हणाली. थोरला बरं म्हणाला आणि फोन ठेवून बराच वेळ एक मोजा पायात आणि एक हातात घेऊन बसून राहिला.

दोघंही भाऊ लिफ्टचे मेकॅनिक. थोरल्याने धाकट्याला बोट धरून या धंद्यात आणलं. त्याआधी बोट धरून शाळेत नेलं होतं, कारण आईबाप पाठोपाठ गेले तेव्हा धाकटा दप्तर ओढत चालायच्या वयाचा होता. या सगळ्यात थोरल्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. त्याने कधी तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर त्याला कुणी विचारलंही नाही.

जुन्या इमारतीतल्या लिफ्टचं काम दोघांनी करायचं असतं. एक वर मशीनच्या खोलीत, एक खाली डब्याच्या टपावर. मध्ये काळोख आणि तेलकट दोर. टपावरचा सांगेल तेव्हाच वरच्याने डबा हलवायचा. ऑफिसचा नियम असा, की वॉकीटॉकीवर बोलायचं आणि ऐकणाऱ्याने ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायचं. या दोघांना त्या नियमाचं हसू यायचं. वॉकीटॉकी ऐन कामात मान टाकते, त्यापेक्षा पाना घेऊन डबा ज्यावर सरकतो त्या रुळावर ठोकलेलं बरं. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे खाली सोड. वर्षानुवर्षं असं करून करून शेवटी ठोकेही नावालाच उरले होते. धाकट्याला बोल्ट आवळायला किती वेळ लागतो, मग तो पाना कमरेला कसा खोचतो, बाहीला नाक कसं पुसतो, हे थोरल्याला वर बसून, न बघता कळायचं. पुष्कळदा ठोका पडायच्या आतच डबा हलायचा आणि धाकटा खालून हसत शिवी हासडायचा. ऑफिसात त्यांच्या झपाट्याचं कौतुक होतं. कौतुकासारखं वाईट तेल नाही. घातलं की सगळंच सैल पडतं.

त्या दिवशी धाकट्याचं काम आवळून झालं नव्हतं. एक नट हातून निसटला होता आणि तो शोधायला तो वाकला होता, डावा पाय भिंतीतल्या लोखंडी कोनावर टेकवून. हे नंतर कळलं, कारण इस्पितळात नेईपर्यंत तो नट त्याच्या मुठीत होता. ठोका पडलाच नव्हता. थोरल्याने आपल्या अंदाजाने डबा वर घेतला.

धाकटा शुद्धीवर आला तेव्हा त्या मिनिटाचं त्याला काहीही आठवत नव्हतं. त्याने तोंड उघडायच्या आत थोरला पलंगाशी वाकून म्हणाला, “दोन ठोके आले रे. मी ऐकले.” भीतीने म्हणाला, दुसरं काही नाही. सध्यापुरतं म्हणू, मग बघू, असं त्याला वाटलं. पण चौकशीचा इंजिनिअर आला तेव्हा तेच सांगावं लागलं, आणि शेजारी उशीला टेकलेल्या धाकट्याने मान डोलावली. दादाने ऐकले म्हणजे आपण ठोकलेच असणार. देवावर नसेल एवढा त्याचा दादाच्या कानांवर विश्वास होता.

डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला ते धाकट्याने सोसलं. नव्या पायावर तो कुरकुरत का होईना, घरभर फिरू लागला. पण उजव्या हाताचं काय करायचं ते त्याला कळेना. आपण खाली वाकलेलो असताना या हाताने ‘वर घे’ म्हणून सांगितलं. जो हात मालकाला न विचारता असं करतो तो उद्या काय करेल याचा काय नेम? गॅसचं बटण तो पुन्हापुन्हा जाऊन बघायचा. दाढी बायकोकडून करून घ्यायचा. वर्कशॉपने त्याला ब्रेक तपासायच्या टेबलावरचं बसून करायचं काम देऊ केलं होतं. त्याचं म्हणणं एकच, की ज्या हाताचा मलाच भरवसा नाही, त्याने पास केलेल्या ब्रेकवर लोकांनी जीव टाकायचा का?

थोरल्याला हे सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोललं की भाऊ बरा होणार होता, आणि त्याच वाक्याने भाऊ कायमचा जाणार होता. दर रविवारी तो फळं घेऊन यायचा, तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा आणि उठून जायचा.

त्या रविवारी दुपारी खेळ सुरू करण्यातच पहिला तास गेला. दुसरा कंट्रोलर टीव्हीला ओळख देईना. धाकट्याने तो उलटा करून एक बारीक बटण दाबून धरायला सांगितलं. थोरल्याने ते सोडायचं नाही म्हणून दाबूनच ठेवलं, आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग पडद्यावरचा त्याचा माणूस आभाळाकडे तोंड करून भिंतीला टकरा मारायला लागला. एका अंगठ्याने चालायचं आणि दुसऱ्या अंगठ्याने मान फिरवायची, हे धाकटा परत परत समजावत होता. अख्खी लिफ्ट खोलून जोडणारा माणूस, त्याला दोन अंगठे सांभाळताना घाम फुटला. धाकटा हसला. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं, आणि स्वयंपाकघराच्या दारात कपड्यांच्या घड्या घालत उभी असलेली त्याची बायको ते हसू बघत राहिली.

आरंभीचा धडा सुरू झाला. बोलायचं नाही म्हणून खालच्याने ठोक्यांनी सांगायचं, असं खेळ शिकवत होता. खालच्याने बटण दाबलं की वरच्याच्या हातातल्या कंट्रोलरमधून खट्‌ असा आवाज येतो आणि पडद्यावर रहाटावरचा दिवा लुकलुकतो. एक ठोका थांब, दोन वर, तीन खाली. खाणीतली माणसंही असंच ठोकत असतील, कोण जाणे.

“आपलाच धंदा आहे की,” धाकटा म्हणाला.

थोरल्याला वाटलं, उठावं आणि डोकं दुखतंय म्हणून निघावं. पण धाकटा तोवर कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा खोका फाडत होता. नवा पाय ज्यात आला होता तोच खोका. पडद्याचे दोन भाग असतात, डावीकडे रहाट आणि उजवीकडे खाण. त्याने पुठ्ठ्याची एक बाजू टीव्हीच्या मधोमध चिकटवली आणि दुसरी दोघांच्या मध्ये सोफ्यावर रोवली. आता दादाला खाण दिसणार नव्हती, आणि भावाची बोटंही नाहीत.

मग त्याने खेळायचं खरं कारण सांगितलं. तो खाली उतरणार होता. त्याच्या मनात जे असेल तेच त्याचा हात ठोकतो का, हे त्याला बघायचं होतं. “तू फक्त येईल ते ऐकायचं, दादा. चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करायचं नाही. एकाचे दोन झाले तर मला सांगायचं. तुझ्या कानांइतकं खरं मला कुणी सांगणार नाही.” थोरल्याने मान हलवली. नाही म्हणायला त्याच्याजवळ कारण नव्हतं, आणि जे होतं ते सांगण्याजोगं नव्हतं.

पाळणा उतरला. पडद्याच्या डाव्या भागात नुसता ओला दगड, दोर आणि तो विझलेला दिवा. तीन ठोके आले, थोरल्याने सोडलं. एक आला, थांबवलं. खालून काहीतरी ओढत नेल्यासारखा आवाज यायचा, मधूनच लांब श्वास, आणि दोर आपोआप थरथरायचा. खेळ करणाऱ्याने भीती मात्र इमानदारीने घातली होती. मग दोन ठोके. पाळणा वर आला, कंदील मिळाला, बोलायची मुभा देणारी हिरवी रेघ पडद्यावर आली.

“किती आले?”

“तीन, मग एक, मग दोन.”

धाकट्याने श्वास सोडला. तो म्हणाला, मी तेवढेच दिले.

पुढच्या फेरीतही तेच, त्याच्या पुढच्या फेरीतही. हात एकदाही चुकला नाही. चुकणार कसा, तो कधीच चुकला नव्हता. प्रत्येक फेरीनंतर धाकटा विचारायचा, थोरला सांगायचा, आणि धाकट्याच्या चेहऱ्यावर आनंद येण्याऐवजी कोडं वाढत जायचं. तो म्हणाला की आपण लक्ष देऊन ठोकतोय म्हणून बरोबर येतंय, घाईत चुकत असणार. त्याने अवघड पातळी लावली. थोरल्याने थोडं थांबू या म्हणून बघितलं, चहा घेऊ या म्हणाला. चहा बायकोने आणून ठेवला आणि तो तसाच निवत राहिला.

अवघड पातळीवर जनावर सावलीसारखं पाठीला लागतं. कंदील खुंटीवरून काढायचा, वळायचं, काठावरून पाळण्यात एक पाय टाकायचा, मग दुसरा, आणि मगच ठोकायचं. धाकटा आता झपाट्याने खेळू लागला आणि त्याचा तो झपाटा थोरल्याच्या ओळखीचा होता. पुठ्ठ्यापलीकडे भाऊ पुढे झुकला की सोफा किंचित दबायचा. वळला की नव्या पायाचा सांधा बारीक कुरकुरायचा. थोरल्याला दिव्याकडे बघायची गरज वाटेनाशी झाली. आता त्याने कंदील काढला. आता वळला. आता एक पाय टाकला. श्वासांचा आवाज जवळ येत होता, दोर थरथरत होता, आणि त्याचा अंगठा, इतक्या वर्षांचा शहाणा अंगठा, आपणहून पुढे झाला आणि रहाट फिरला.

खालून जो आवाज आला तो नुसता खेळातला होता. तरी बायकोने दारात तोंडावर हात दाबला. पडदा दोन्ही बाजूंनी काळा झाला आणि त्यावर लाल अक्षरं आली: पाळणा इशाऱ्याविना हलवला.

धाकट्याने पुठ्ठा काढून जमिनीवर ठेवला आणि ती अक्षरं सावकाश वाचली.

“अंगठा चुकून लागला,” थोरला म्हणाला. “सवय नाही ना या यंत्राची.”

“हो,” धाकटा म्हणाला. “पुन्हा लावू.”

त्याने पुठ्ठा पुन्हा बसवला. थोरला आता पुतळ्यासारखा ताठ बसला, नजर दिव्यावर खिळवून. दिवा लागल्याशिवाय बोट हलवायचं नाही. पाळणा खाली गेला. एक ठोका, थांबला. कंदील काढल्याचा आवाज आला. सोफा दबला, सांधा कुरकुरला. भाऊ पाळण्यात बसला होता, थोरल्याला हे स्वतःच्या हाताइतकं कळत होतं. श्वास जवळ आला. दिवा लागेना. जनावर अगदी काठाशी आलं, त्याचा तो लांब श्वास थोरल्याच्या हातातल्या कंट्रोलरमधूनही ऐकू यायला लागला. अजून दिवा नाही. थोरल्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला, तरी त्याने तो पुसला नाही. मग एक किंकाळी आली आणि पडदा काळा झाला. या वेळी अक्षरं नव्हती.

पुठ्ठा खाली पडला. तो धाकट्याने काढला नव्हता, कोपराने ढकलला होता. त्याचा अंगठा बटणापासून दूर, मांडीवर होता. तो पाळण्यात बसला होता आणि त्याने ठोकलंच नव्हतं.

“आत्ता का नाही ओढलंस?” त्याने विचारलं.

“ठोका आला नाही.”

“मी बसलोय हे कळलं होतं तुला?”

थोरल्याने आता डोळ्यातला घाम पुसला.

“मघाशी कळलं होतं. आत्ताही कळलं होतं. तुला नेहमीच कळतं.” धाकट्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. “दादा, त्या दिवशी ठोका आला होता?”

टीव्ही पुन्हा पहिल्या पडद्यावर येऊन दुसऱ्या खेळाडूची वाट बघत होता. भावजय घडी घातलेला टॉवेल छातीशी धरून उभी होती. खोटं बोलायला अजूनही जागा होती. दोन आले होते म्हटलं असतं तर धाकट्याने कदाचित ऐकलंही असतं, इतकं त्याला ऐकायचं होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात; पण हे कोंबडं थोरल्याने इतके महिने झाकून धरलं होतं, आणि आता त्याच्या हातात ताकद उरली नव्हती.

“नाही,” तो म्हणाला.

धाकट्याने उजवा हात वर धरला. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदाच तो त्याच्याकडे आपला म्हणून बघत होता. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडायला लागला, मोठ्याने, लहानपणी शाळेच्या फाटकापाशी रडायचा तसा. त्या वेळी त्याला पोटाशी धरणारा माणूस हातभर अंतरावर बसला होता. त्या माणसाचा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला.

“माझा हात बरोबर होता,” धाकटा बायकोला म्हणाला. थोरल्याला नाही. “ऐकलंस का? हात बरोबर होता.” ती म्हणाली, ऐकलं. ती येऊन त्याच्या पायाशी बसली.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीला नाक पुसलं. उद्या वर्कशॉपला हो म्हणून सांगतो, असं तो बायकोला म्हणाला, आणि मग थोरल्याकडे वळला.

“पायाचं मी तुला कधी काही म्हणालो नसतो. पाय या धंद्यात कुणाचाही जातो. त्या दिवशीच सांगितलं असतंस ना, तर शिवी दिली असती आणि संपलं असतं. पण तू माझा हात नेलास. चमचा धरला तरी मी त्याच्याकडे चोरासारखं बघत होतो, आणि तू दर रविवारी समोर बसून मला फळं कापून देत होतास.”

थोरल्याला सांगायचं होतं की तुझ्याशिवाय मला कुणी नाही, म्हणून. हे खरंही होतं. पण खरं बोलायची वेळ आणि या वाक्याची वेळ, दोन्ही तो चुकवून बसला होता. उद्या ऑफिसात जाऊन सगळं सांगतो, एवढंच तो म्हणाला.

“सांगच. नाहीतर मी सांगेन,” धाकटा म्हणाला. “त्या टेबलाशी नवीन पोरं शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना हेच शिकवणार, ठोका आल्याशिवाय डबा हलवायचा नाही. तुझं नाव घेऊन.”

“घे,” थोरला म्हणाला.

कंट्रोलर अजून त्याच्या हातातच होता. भावजयीने तो हळूच काढून घेतला आणि टीव्ही बंद केला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, पण त्याचा गारढोण चहाचा कपही उचलला नाही. तो उठला, चपला घातल्या, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून नेहमीसारखं ‘येतो’ म्हणाला. नेहमी त्यावर धाकटा आतून ‘ये’ म्हणायचा.

आतून काही आलं नाही. दारही कुणी लावलं नाही. तो जिन्यापाशी उभा राहिला.